आढ्यावरचे पाणी

(शालेय विद्यार्थ्यांसाठी नभोवाणीवर झालेल्या भाषणाची संहिता)



बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या वाटेने पणजीला उतरणाऱ्या मोटारीत पावसाळ्याच्या दिवसांत जो कोणी खिडकीशी बसला असेल, त्याच्या डोळ्यांसमोरून एक मोठे नवल घडून गेलेले असते. पाहूनही ते त्याच्या ध्यानात आलेले नसते, इतकेच. कणकुंबीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने जे ओहोळ दिसतात, त्यांतील बहुतेकांचे पाणी मोटारीच्या उलट दिशेने, म्हणजे मागे बेळगावच्या अंगाला धावत असते. कणकुंबी मागे पडली, की पाणी मोटारीच्या सोबतीने पुढे, गोव्याच्या अंगाला उतरू लागते. मध्ये कोठे उंच भिंत लागत नाही, पाटी लागत नाही. झाडी तीच, धुके तेच, पाऊसही तोच. तरी पाण्याने आपली दिशा बदललेली असते.

याचे कारण समजण्यास पुस्तक उघडण्याची गरज नाही. घराच्या छपराकडे पाहिले म्हणजे पुरे. कौलारू घराला मधोमध आढे असते. आढ्याच्या एका बाजूस पडलेला थेंब पुढच्या अंगणात पागोळी होऊन उतरतो, दुसऱ्या बाजूस पडलेला परसात. आढ्याच्या अलीकडे पडावे की पलीकडे, हे ठरते बोटभर अंतराने. त्यानंतर मात्र त्या दोन थेंबांची पुन्हा गाठ पडत नाही. डोंगरांच्या रांगेलाही असेच आढे असते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला जलविभाजक म्हणतात, आणि आढ्यापासून वळचणीपर्यंतच्या छपराला, म्हणजे ज्या मुलखातील सर्व पाणी शेवटी एकाच नदीत उतरते त्या मुलखाला, त्या नदीचे खोरे म्हणतात. पुस्तकातील व्याख्या पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. कणकुंबीचे आढे एकदा समजले म्हणजे विसरणे कठीण.

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील गाव. तेथे माउलीचे देऊळ आहे, आणि तेथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर, मलप्रभा नदी उगम पावते. त्याच परिसरात कळसा नावाचा एक नालाही निघतो. मलप्रभा पूर्वेला जाते. कळसा पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. एका गावच्या शिवारात दोन समुद्रांच्या वाटा फुटाव्यात, अशी स्थळे आपल्या देशात थोडी नाहीत. पण त्यांपैकी इतकी वादाची आणि म्हणूनच इतकी अभ्यासण्याजोगी जागा क्वचितच सापडेल.

समजा, एकाच ढगातून निघालेले दोन थेंब कणकुंबीच्या एखाद्या उंचवट्यावर हातभर अंतराने पडले. पूर्वेकडचा थेंब मलप्रभेतून खानापूरवरून जातो, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात काही महिने विसावतो, पुढे पट्टदकल आणि ऐहोळे येथील चालुक्यांची देवळे पाहत पाहत सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास संपवून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळतो. तेथून कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र ओलांडून तो बंगालच्या उपसागराला जाईल; वाटेत कोणी अडवला नाही तर. अडवणारे पुष्कळ आहेत. नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणे त्याच्या वाटेवर उभी आहेत, आणि हैदराबाद शहराच्या नळांना जे पाणी येते त्यातही कृष्णेचा वाटा आहे. हैदराबादच्या एखाद्या मराठी घरातील पेल्यात कणकुंबीचा थेंब असणे अगदीच अशक्य नव्हे.

पश्चिमेकडच्या थेंबाचा प्रवास याच्या तुलनेने अगदी छोटा. कळसा नाल्यातून म्हादईत, म्हादईतून सत्तरीच्या रानात, गांजें ओलांडून सपाटीवर. पुढे नदीचे नाव मांडवी होते, दिवाडी आणि चोडण ही बेटे लागतात, जुन्या गोव्याच्या चर्चांची शिखरे डाव्या हाताला दिसतात, आणि पणजीपाशी अरबी समुद्र. दोन्ही थेंबांना उतरायची उंची तीच, ७९० मीटर. एकाला ती उतरायला हजाराहून अधिक किलोमीटर मिळतात, दुसऱ्याला शंभराच्या आसपास. भागाकार करून पाहावा: पश्चिमेचे पाणी दर किलोमीटरमागे सरासरी सात-आठ मीटर तरी खाली येते, पूर्वेचे सरासरीने एक मीटरही येत नाही. सह्याद्रीचे छप्पर हे असे एकीकडे उभे आणि दुसरीकडे लांबच लांब निमुळते उतरते आहे.

छप्पर असे वाकडे असल्याचा एक परिणाम फार मनोरंजक आहे. उभ्या उतारावरून धावणारे पाणी जोराने माती व खडक कोरते. त्यामुळे पश्चिमेकडचे ओढे नुसते खाली वाहत नाहीत, तर आपल्या उगमाकडे, मागे मागे, डोंगर कुरतडत सरकत असतात. आढे त्यामुळे हळूहळू पूर्वेकडे ढकलले जाते. कधी कधी असा ओढा पलीकडच्या मंद नदीच्या पात्रापर्यंत पोहोचतो आणि तिचे वरचे पाणी आपल्याकडे वळवून घेतो. भूगोलशास्त्रज्ञ याला नदी-अपहरण असे मोठे नाटकी नाव देतात. या अपहरणाला लाखो वर्षे लागतात आणि त्याविरुद्ध कोणी फिर्याद करत नाही.

आता पावसाकडे वळावे. आढे दोन्ही अंगणांना सारखे आणि पाऊसही सारखा, असे असते तर पुढचा वाद उद्भवला नसता. पण सह्याद्रीच्या दोन अंगांना पाऊस अत्यंत असमान पडतो. पणजीस वर्षाकाठी सुमारे २,९०० मिलिमीटर, बेळगावास त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे १,३००, आणि आणखी पूर्वेस सौंदत्ती-नरगुंदच्या काळ्या रानात ६०० च्या आसपास. घाटमाथ्यावरचे आकडे तर डोळे दिपवणारे आहेत. याच रांगेत थोड्या उत्तरेस असलेल्या आंबोलीस सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस होतो.

मिलिमीटर हे पावसाचे माप मुलांना नेहमी कोड्यात टाकते. पाणी लिटरने मोजायचे, मग पाऊस लांबीच्या मापाने कसा? त्याचा अर्थ सोपा आहे. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, वाफ होऊन उडाले नाही, तर जमिनीवर त्याचा केवढा जाड थर साचेल, ते हे माप सांगते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरचे छप्पर पणजीत वर्षभरात १,४५,००० लिटर पाणी झेलते. तेवढेच छप्पर नरगुंदला ३०,००० लिटर. दोन ठिकाणच्या गृहिणींच्या रांजणांत जो फरक पडतो, तो या एका हिशेबात आला.

हा फरक पडतो कशाने? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. उलट, चाकातील हवा सोडली तर ती बोटाला गार लागते. कारण ती पसरते, आणि पसरणारी हवा निवते. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा बाष्पाने भरलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गोव्याच्या किनाऱ्यावर येतो आणि सह्याद्रीची भिंत आडवी आली म्हणून त्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी. म्हणून तो पसरतो, पसरल्याने निवतो. कोरडी हवा दर शंभर मीटर चढल्यावर सुमारे एक अंश सेल्सियसने गार होते. गार हवेत बाष्प मावत नाही. जादा झालेले बाष्प सूक्ष्म थेंब होते, ढग होतात, पाऊस पडतो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तोही याच न्यायाने. घाट ओलांडून वारा पूर्वेकडे उतरू लागला, की सगळी गोष्ट उलटते. उतरती हवा दाबली जाते, तापते, आणि तापलेल्या हवेला आणखी बाष्प पोटात घेता येते. त्यामुळे ढग विरतात. आकाश भरलेले दिसते आणि शेत कोरडे राहते. या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द येथे मोठा फसवा आहे. त्या छायेत ऊनच अधिक.

एका डोंगराने दोन तऱ्हेचे संसार घडवले, ते असे. पश्चिमेस भात, नारळ, सुपारी, मासळी. पूर्वेस ज्वारी, कापूस, मिरची. इकडे पावसाळा आला की विहिरी तुडुंब होतात. २४ जूनला, सांजांवच्या सणाला, गोव्यातील ख्रिस्ती तरुण डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून त्या भरल्या विहिरींत उड्या टाकतात. पाऊस कमी पडला तर हा सणच फिका पडतो. तिकडे जूनअखेरपर्यंत शेतकरी नुसता आकाशाकडे पाहत असतो.

येथून समाजशास्त्राचा तास सुरू होतो.

नकाशावर दोन प्रकारच्या रेषा असतात. एक पाण्याने आखलेली आणि दुसरी माणसाने. या मुलखात त्या दोन जुळत नाहीत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला; गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त होईपर्यंत चोर्ल्याजवळची सीमा ही दोन देशांमधील सीमा होती. यांतील कोणतीही रेषा आखताना पाणी कोणीकडे वाहते हा विचार कोणी मुख्य मानलेला नाही. परिणाम असा, की म्हादईच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहे. छप्पर एकच, पण त्याखाली तीन बिऱ्हाडे.

कर्नाटकाची अडचण खरी आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे, कारण गोव्याच्या बाजूस ते सहसा सांगितले जात नाही. नवीलतीर्थाचे धरण मोठ्या आशेने बांधले गेले. परंतु ते पुरते भरण्याइतके पाणी अनेक वर्षी मलप्रभेला येतच नाही. हुबळी-धारवाड ही वाढती शहरे त्याच पाण्यावर. लाभक्षेत्र म्हणून ज्या शेतांवर कर बसले, त्यांतील कित्येकांना पाणी नीट पोहोचले नाही, आणि १९८० च्या जुलैमध्ये नरगुंद-नवलगुंद भागात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटून गोळीबारात माणसे मेली. २०१५ मध्ये पुन्हा नरगुंदलाच शेतकरी धरणे धरून बसले. या खेपेस मागणी होती ती कळसा आणि भांडुरा या म्हादईकडे जाणाऱ्या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याची. कल्पना दिसायला सोपी आहे. कणकुंबीला दोन्ही पाणी जवळजवळ. मध्ये फक्त आढे. आढ्याला कालव्याने भेदले, की पुढचे काम मलप्रभा स्वतःच करील. २००६ मध्ये कणकुंबीस या कालव्याचे खोदकाम सुरूही झाले.

यावर गोव्यात जे उत्तर दिले जाते ते बहुधा एका वाक्यात संपते: आमची आई चोरून नेतात. तिकडे पूर्वेस जे वाक्य ऐकू येते तेही तेवढेच आटोपशीर: समुद्रात वाया जाणारे पाणी आम्ही घेतले तर कोणाचे बिघडले? ही दोन्ही वाक्ये सभेत टाळ्या मिळवतात. शाळेत मात्र कोणतेही वाक्य टाळ्यांवर सोडून देता येत नाही; ते तपासावे लागते. पहिल्या वाक्यात भावना आहे आणि मोजमाप नाही. दुसऱ्या वाक्यात ‘वाया’ हा जो शब्द आहे, तो विज्ञानाच्या तासाला टिकत नाही.

मांडवीच्या मुखाशी दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. उधाणाच्या भरतीला पाणी दोन मीटरांच्या आसपास चढते आणि नदीच्या सपाट पात्रातून थेट गांजेंच्या परिसरापर्यंत त्याची हालचाल जाणवते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून ते गोड्या पाण्याहून जड असते. हे घरी पाहता येईल. काचेच्या पेल्यात साधे पाणी घ्यावे. दुसऱ्या भांड्यात मिठाचे दाट पाणी करून ते शाईने रंगवावे आणि पेल्याच्या काठाने हळूच सोडावे. रंगीत पाणी मिसळून न जाता तळाशी जाऊन बसते. मांडवीतही खारे पाणी तळातून आत सरकू पाहते आणि वरून येणारे गोडे पाणी त्याला बाहेर रेटत राहते. नदी आणि समुद्र यांची ही रेटारेटी अहोरात्र चाललेली असते. पावसाळ्यात नदी जिंकते. जुलैमध्ये पणजीपाशीदेखील वरचे पाणी जवळजवळ गोडे असते. उन्हाळ्यात समुद्र जिंकतो आणि खारेपणा कित्येक किलोमीटर आत चढतो.

तो किती आत चढावा, हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरते, आणि त्यावर गोव्यातील पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. नदीकाठच्या सखल खाजण जमिनी बांध घालून समुद्रापासून राखलेल्या असतात. बांधात ‘मानस’ नावाची झडप बसवतात. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पहारेकरी नाही, यंत्र नाही, केवळ पाण्याचा दाब. पावसाने जमिनीतील मीठ धुतले, की तेथे थोडा खारेपणा सोसणारे कोरगुट भात पेरतात, आणि पीक निघाल्यावर त्याच खाजणात खारे पाणी घेऊन मासळी व कोळंबी धरतात. कित्येक पिढ्यांनी बसवलेले हे गणित गोडे किती आणि खारे किती, या एका प्रमाणावर उभे आहे. समुद्रापर्यंत पोहोचलेले गोडे पाणी खाऱ्याला अडवण्याचे काम करून मगच समुद्रात शिरलेले असते.

मग वाद मोजमापावर येतो, आणि आला पाहिजे. नद्यांच्या पाण्याचे मोठे माप टीएमसी हे आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, किंवा सुमारे २,८३१ कोटी लिटर. घटनेच्या २६२ व्या कलमान्वये आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी संसदेने १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि त्या कायद्याखाली नोव्हेंबर २०१० मध्ये म्हादईसाठी लवाद नेमला गेला. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. म्हादईत चार वर्षांपैकी तीन वर्षे ज्याची खात्री धरता येईल असे पाणी त्याने १८८.०६ टीएमसी ठरवले. त्यातून गोव्यास २४ टीएमसी, महाराष्ट्रास १.३३ आणि कर्नाटकास १३.४२ टीएमसी मंजूर झाले. कर्नाटकाच्या या वाट्यातील ८.०२ टीएमसी वीज निर्माण करण्यापुरते आहे, म्हणजे ते यंत्र फिरवून पुन्हा नदीतच यावयाचे; आढे ओलांडून मलप्रभेत नेता येईल असे पाणी, कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८ मिळून, ३.९० टीएमसी. मागणी होती ७.५६ टीएमसीची. केंद्र सरकारने निवाडा फेब्रुवारी २०२० मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. तत्पूर्वीच, २०१९ मध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेले होते.

अंकगणिताची आवड असलेला विद्यार्थी येथे लगेच हात वर करील: १८८ मधून सुमारे ४ गेले, म्हणजे शंभरात दोन, एवढ्यासाठी इतका कोलाहल का? हा भागाकार बरोबर आहे, आणि तरीही उत्तर अपुरे आहे. गोव्यातील पावसाचा सुमारे नऊ-दशांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १८८ टीएमसी ही साऱ्या वर्षाची बेरीज. ती बारा महिन्यांत सारखी वाटलेली नाही. एखाद्या घरात वर्षाचा सारा शिधा जूनमध्ये येऊन पडला आणि निम्मा वाहून गेला, तर ‘दरमहा सरासरी अमुक पायली’ असे सांगून मे महिन्यात चूल पेटत नाही. मे महिन्यात म्हादईत जे वाहते ते पावसाचे ताजे पाणी नव्हेच. पावसाळ्यात रानाच्या मातीने आणि खडकांच्या भेगांनी जे पिऊन ठेवलेले असते, ते झऱ्याझऱ्यांतून थोडे थोडे सुटत असते. सत्तरीतील म्हादई अभयारण्याचे आणि पलीकडच्या भीमगडाच्या जंगलाचे मोल या जागी कळते. रान हे पाण्याचे सर्वांत जुने धरण. त्याला भिंत नसते, म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

तेव्हा किती पाणी वळवायचे, या एका प्रश्नाने काम भागत नाही. कोणत्या महिन्यात वळवायचे, कोणत्या जागी अडवायचे, त्या जागेखाली नाल्यात काय उरेल, त्यासाठी किती रान तोडावे लागेल, असे प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. तसेच पूर्वेस आणलेल्या पाण्यापैकी खरोखर हंड्यात किती जाईल आणि उसाच्या फडात किती, हेही विचारले पाहिजे. हे प्रश्न अवघड आहेत, पण एकही प्रश्न शालेय अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. उतार, बाष्प, घनता, सरासरी, राज्यांची रचना, घटनेची कलमे: सगळे धडे झालेले असतात. वेगवेगळ्या वह्यांत असतात, एवढेच.

ज्या विद्यार्थ्यांना हे स्वतः पडताळायचे असेल, त्यांनी भारतीय सर्वेक्षण खात्याचा, समोच्च रेषा दाखवणारा खानापूर-सत्तरी भागाचा नकाशा शाळेत मागवून घ्यावा. समोच्च रेषा म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. ती नकाशावर तपकिरी रंगात असते. मऊ शिसपेन्सिलीने प्रथम प्रत्येक ओढ्याचा उगम शोधावा. पूर्वेस जाणाऱ्या ओढ्यांच्या आणि पश्चिमेस जाणाऱ्या ओढ्यांच्या उगमांमधून, कोणताही ओढा न ओलांडता, एक रेषा काढत न्यावी. ती ओढ्याला छेदून गेली तर कोठेतरी चूक झाली असे समजून खोडून पुन्हा काढावी. कणकुंबीपाशी ही रेषा अशी नागमोडी वळते, की चांगल्या मुलांचीही दोन-तीनदा खोडाखोड होते. मग त्याच नकाशावर राज्याची सीमा दुसऱ्या रंगाने गिरवावी आणि दोन रेषा कोठे जवळ येतात, कोठे दूर जातात ते पाहावे.

पाऊस मोजण्याचा प्रयोग याहून सोपा आहे. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा एक पत्र्याचा डबा उघड्या जागेत, वाऱ्याने कलंडणार नाही असा रोवून ठेवावा. सरकारी वेधशाळा सकाळी साडेआठ वाजता नोंद घेतात, म्हणून तीच वेळ पाळावी. डब्यात पट्टी उभी धरून थराची उंची मिलिमीटरमध्ये वाचावी, वहीत तारखेसह लिहावी आणि डबा ओतून पुन्हा जागेवर ठेवावा. दोन निरनिराळ्या गावच्या शाळांनी, एक घाटाखालची आणि एक घाटावरची, जूनपासून सप्टेंबरपर्यंत अशी नोंद ठेवून महिन्याच्या महिन्याला पोस्टकार्डाने आकडे कळवले तर फार उत्तम. डबा झाडाखाली ठेवू नये, आणि छपराच्या पागोळीखाली तर मुळीच ठेवू नये.